मुक्तस्रोत आज्ञावली आणि मोठ्या कंपन्या : मैत्री किती, व्यवहार किती?

पालापाचोळा, काडीकचरा व गोठ्यातील शेण यांपासून शास्त्रीय रीतीने कंपोस्ट खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धती’ कृषी कार्यकर्त्यांना आणि शेतकी शाळांतील विद्यार्थ्यांना नावाने तरी परिचित आहे. पिकांचे अवशेष, शेण, जनावरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओलावा राखावयाचा, ठराविक अंतराने तीन वेळा खालीवर करावयाचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. ही पद्धती सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’त, सिद्ध केली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. १९३१ साली या प्रयोगांची संपूर्ण हकीकत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचेही नाव होते.

संगणकाच्या विषयाची सुरुवात खताच्या खड्ड्यापासून करण्याचे कारण असे, की ही संस्था कोणाच्या पैशावर चालली होती हे पाहण्यासारखे आहे. तीनशे एकर जमीन इंदूरच्या होळकर दरबाराने दीर्घ मुदतीने दिली होती; परंतु खर्चाचा मोठा भार इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने उचलला होता. या कमिटीचे उत्पन्न कापसावरील उपकरातून येत असे, आणि तो उपकर गिरण्यांत खपणाऱ्या व परदेशी जाणाऱ्या कापसावर बसविलेला होता. गिरणीवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना चांगल्या प्रतीचा कापूस हवा होता. कापूस सुधारावयाचा तर जमीन सुधारली पाहिजे, या विचाराने हॉवर्ड खताकडे वळले. पैसा कापसासाठी आला आणि त्यातून सर्व पिकांना उपयोगी पडणारे खत निघाले. या पद्धतीवर कोणी मक्ता सांगितला नाही. पुढे केनियातील कॉफीच्या व आसामातील चहाच्या मळेवाल्यांनी ती उचलली, त्यांनी कोणास स्वामित्वधन दिले नाही. आणि माळव्यातील शेतकऱ्यालाही ते द्यावे लागले नाही.

गिरणीवाले शेतकऱ्याचे मित्र होते काय? कापसाचा भाव पाडून घेताना ते मित्र नव्हते, आणि उपकराच्या रकमेतून जे संशोधन झाले त्याचा लाभ मात्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आला. नेमका हाच प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रात विचारला जात आहे. गावच्या शाळेतील संगणक, तलाठी कार्यालयातील यंत्रणा, बँकेचा व्यवहार आणि खिशातील भ्रमणध्वनी या सर्वांच्या तळाशी आज ‘मुक्तस्रोत’ आज्ञावली आहेत आणि त्या आज्ञावलींच्या मागे जगातील अतिशय धनाढ्य कंपन्यांचा पैसा आहे. या कंपन्या मुक्तस्रोत कार्याच्या खऱ्या साथीदार आहेत की केवळ पाहुण्या, हे समजून घेणे शाळेच्या मुख्याध्यापकापासून जिल्हा कार्यालयापर्यंत सर्वांनाच आवश्यक झाले आहे.

मूळ आज्ञा म्हणजे काय?

संगणकाला काम सांगण्यासाठी जी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, लिहिली जाते तिची दोन रूपे असतात. एक रूप माणसाला वाचता येण्याजोगे असते. त्यात क्रमाने आज्ञा लिहिलेल्या असतात. दुसरे रूप केवळ यंत्राला समजणारे असते. दुकानातून विकत घेतलेल्या बहुतेक आज्ञावली या दुसऱ्या रूपातच मिळतात. म्हणजे खत मिळते, पण कृती मिळत नाही. मुक्तस्रोत आज्ञावलीत मूळ आज्ञा सर्वांना खुल्या असतात. त्या वाचण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची मोकळीक असते.

ही मोकळीक कायद्याच्या आधाराने टिकवावयाची तर परवाना लागतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली त्यासाठी एक सर्वसाधारण सार्वजनिक परवाना तयार केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘जीपीएल’ म्हणून ओळखला जातो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला ‘लिनक्स’ पुढे याच परवान्याखाली वाढला. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यानंतर, १९९८ साली, रूढ झाला.

परवान्यांचे प्रकार पुष्कळ असले तरी त्यांच्यातील मुख्य भेद घरच्या विरजणावरून समजू शकेल. शेजारणीने विरजण दिले आणि काहीही अट घातली नाही, तर नेणाऱ्याने त्याचे दही लावून विकावे, आणि उद्या दुसऱ्याने विरजण मागितले तर नाही म्हणावे, यास आडकाठी नाही. काही मुक्त परवाने या प्रकारचे आहेत. हॉवर्ड यांची खताची पद्धतीही अशीच विनाअट होती. जीपीएल परवान्यात मात्र एक अट आहे : विरजण न्या, दही लावा, विका, परंतु ज्याला दही द्याल त्याला विरजणही याच अटीवर दिले पाहिजे. म्हणजे आज्ञावली बदलून दुसऱ्यास दिली, तर बदललेल्या मूळ आज्ञाही त्यास द्याव्या लागतात. मोठ्या कंपन्यांच्या वागणुकीचा विचार करताना हा भेद पदोपदी कामी येतो, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगितला.

मराठी अक्षरांची हकीकत

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे संगणकावरील देवनागरी अक्षरे होत.

ज्यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कार्यालयात अगर छापखान्यात मराठी टंकलेखन केले आहे, त्यांना फाँटचा त्रास आठवत असेल. प्रत्येक उत्पादकाची अक्षरांची मांडणी वेगळी. एका फाँटमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या कार्यालयातील संगणकावर उघडले की त्यात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. पत्राबरोबर फाँटही पाठवावा, तर तो विकत घेतलेला असल्याने दुसऱ्यास देण्याची परवानगी नसे. काही आज्ञावली संगणकाच्या पाठीमागे एक छोटेसे ‘कुलूप’ जोडल्याशिवाय चालतच नसत. ते हरवले म्हणजे सर्व काम ठप्प. इंदूरहून १९९९ साली वेबदुनिया हे संकेतस्थळ प्रथम हिंदीत सुरू झाले आणि पुढे तेथून मराठीतही मजकूर प्रसिद्ध होऊ लागला. त्या काळी भारतीय भाषांतील संकेतस्थळ वाचावयाचे तर त्या संकेतस्थळाचाच फाँट आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागणे, ही नित्याची गोष्ट होती.

या गोंधळातून वाट काढली ती युनिकोड या सर्वमान्य संकेतावलीने. हिची व्यवस्था पाहणारी संस्था १९९१ साली स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत मोठ्या संगणक कंपन्यांचाच भरणा होता. परस्परांच्या कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्या एका कोष्टकावर एकत्र आल्या, कारण प्रत्येकीला आपले यंत्र जगभर विकावयाचे होते. त्या कोष्टकातील देवनागरीची मांडणी भारतात आधीच तयार झालेल्या ‘इस्की’ या राष्ट्रीय संकेतावलीवरून घेतली गेली, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मराठीला आवश्यक असलेले ‘ॲ’ हे अक्षर मात्र त्या कोष्टकात २००८ साली, म्हणजे बऱ्याच उशिरा, दाखल झाले.

कोष्टक झाले तरी अक्षरे काढणारा हात लागतोच. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात देवनागरीचे जे काम केले, त्यातून दोन वेगवेगळ्या वाटा फुटलेल्या दिसतात. त्यांनी काढलेला ‘मंगल’ हा फाँट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीबरोबर जगभर गेला. तो वापरण्यास वेगळे मोल पडत नाही. पण तो कंपनीच्या मालकीचा आहे, त्यात फेरफार करून वाटता येत नाही. त्याच हातचा ‘रघू’ हा फाँट केंद्राने जीपीएल परवान्याखाली खुला केला. अक्षर काढणारा एकच, पण एक घर भाड्याचे आणि दुसरे सामायिक मालकीचे. भाड्याचे घर मोठे व हवेशीर असू शकते, हे येथे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ‘मंगल’मुळे लक्षावधी लोकांना प्रथमच संगणकावर मराठी वाचता आले.

यानंतर ‘लोहित’चा उल्लेख केला पाहिजे. रेड हॅट ही लिनक्सचा व्यवसाय करणारी अमेरिकन कंपनी. तिचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. ‘श्रीलिपी’ या नावाने छापखानेवाल्यांना परिचित असलेल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून या कंपनीने भारतीय लिप्यांचे फाँट मिळविले आणि २००४ साली ते जीपीएल परवान्याखाली खुले केले. कंपनीच्या तांबड्या टोपीवरूनच त्यांना ‘लोहित’ हे संस्कृत नाव मिळाले. २०११ साली त्यांना फाँटसाठी खास तयार केलेला, अधिक सोयीचा मुक्त परवाना लावण्यात आला. वाचकाच्या संगणकावर मराठी फाँट नसल्यास मराठी विकिपीडियाने ‘लोहित’च पुरवावा, अशी सोय पुढे होऊ शकली ती या परवान्यामुळेच. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाहून निराळे असतात. ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा ‘र’ हिंदीत आढळत नाही. अशा बाबतीत फाँट खुला असेल तर जाणकार मराठी माणसाला स्वतः बसून दुरुस्ती करता येते. कंपनीला अर्ज करून वाट पाहावी लागत नाही.

रेड हॅटने हे परोपकारासाठी केले काय? भारतात लिनक्स विकावयाचे तर त्यावर मराठी, हिंदी, तमिळ दिसलेच पाहिजे, हा त्यामागील साधा व्यवहार होता. गिरणीवाल्यांचा कापूस आणि शेतकऱ्याचे खत, यांचीच ही दुसरी आवृत्ती होय.

कंपन्या देतात त्याचे कारण

तेलावर चालणारी इंजिने विकणाऱ्या व्यापाऱ्याला गावोगाव विहिरी खोदल्या जाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. चार विहिरी त्याने स्वखर्चाने खोदून दिल्या तरी त्यात त्याचे नुकसान नाही, कारण पुढे प्रत्येक विहिरीवर इंजिन बसणार असते. इंजिन मात्र तो फुकट देणार नाही. मोठ्या संगणक कंपन्यांच्या औदार्याचे गणित बहुतांशी असेच असते. ज्या वस्तूवर त्यांचा नफा अवलंबून नाही, परंतु जी स्वस्त व विपुल झाल्याने त्यांच्या विक्रीच्या वस्तूला मागणी येते, ती वस्तू त्या खुल्या मनाने देतात. आयबीएम कंपनीने २००१ या वर्षात लिनक्सवर शंभर कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा केली, तेव्हा तिला मोठी यंत्रे व सेवा विकावयाच्या होत्या. गूगलने ‘नोटो’ या नावाने जगातील शंभराहून अधिक लिप्यांचे मुक्त फाँट तयार करवून घेतले, त्यात देवनागरीही आहे. लोक आपापल्या भाषेत जितके अधिक वाचतील तितकी या कंपनीची जाहिरात अधिक पोचते.

यामुळे देणगीचे मोल कमी होत नाही. लिनक्सच्या गाभ्याविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, बिनपगारी स्वयंसेवकांनी केलेले काम एकूण कामाच्या आठ टक्क्यांच्या आसपास असल्याचे नमूद केले आहे. उर्वरित कामाचा फार मोठा भाग कंपन्यांच्या पगारी माणसांनी केलेला होता. इंटेल व रेड हॅट या कंपन्या त्यात आघाडीवर होत्या. तेव्हा मुक्तस्रोत म्हणजे रात्री जागून फुकट काम करणाऱ्या हौशी तरुणांचा उद्योग, ही समजूत आता जुनी झाली आहे.

गरज बदलली की भूमिकाही बदलते, याचेही उदाहरण याच क्षेत्रात आहे. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. तीच कंपनी २०१६ साली लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली आणि २०१८ साली तिने मुक्तस्रोत आज्ञावलींचे सर्वांत मोठे भांडार असलेली ‘गिटहब’ ही संस्था साडेसातशे कोटी डॉलरना विकत घेतली. मधल्या काळात कंपनीचा धंदा विंडोजच्या विक्रीकडून भाड्याने संगणकशक्ती पुरविण्याकडे वळला होता, आणि त्या भाडेकरूंपैकी पुष्कळांना लिनक्सच हवे होते. यास हृदयपरिवर्तन म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आणि केवळ कावा म्हणून झिडकारणेही वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

पाठ फिरविल्याची उदाहरणे

ज्या रेड हॅटचे ‘लोहित’बद्दल वर कौतुक केले, तिचेच दुसरे वर्तन येथे नोंदविले पाहिजे. तिच्या मुख्य प्रणालीच्या मूळ आज्ञांवरून स्वयंसेवक ‘सेंटओएस’ नावाची तशीच प्रणाली तयार करीत व मोफत देत. विद्यापीठे, प्रयोगशाळा, लहान उद्योग यांचे असंख्य सर्व्हर तिच्यावर चालत. २०१४ साली हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला आणि सर्वांनी सुस्कारा सोडला. २०१९ साली आयबीएमने तीन हजार चारशे कोटी डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली. पुढील वर्षीच्या डिसेंबरात असे जाहीर झाले, की सेंटओएसची आठवी आवृत्ती, जिची काळजी २०२९ पर्यंत घेतली जाणे अपेक्षित होते, ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळाची हमी एका घोषणेने नाहीशी झाली. जून २०२३ मध्ये मुख्य प्रणालीच्या मूळ आज्ञा ग्राहकांपुरत्याच देण्याचा निर्णयही कंपनीने घेतला. सर्वांसाठी, ती प्रणाली ज्यातून पुढे घडत जाते तेवढाच प्रवाह खुला राहिला.

या घटनेचा धागा इंदूरच्या जवळूनही जातो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या महाकाय कणत्वरकासाठी अतिवाहक चुंबके पुरविली आहेत. त्याच सर्नमध्ये सेंटओएसचा मोठा वापर होता. घोषणेनंतर अशा सर्वच संस्थांना पर्याय शोधणे भाग पडले. परंतु मूळ आज्ञा जीपीएलसारख्या परवान्यांखाली असल्याने पर्याय उभा राहू शकला. २०२१ च्या मार्चमध्ये ‘अल्मालिनक्स’ आणि जूनमध्ये ‘रॉकी लिनक्स’ अशा दोन प्रणाली अवतरल्या. सर्नने पुढे त्यांतील अल्मालिनक्सची शिफारस केली. कंपनीला आपली सेवा थांबविता आली. दिलेले विरजण परत घेता आले नाही.

शाळांतून व कार्यालयांतून वापरली जाणारी लिब्रेऑफिस ही आज्ञावलीही अशाच फारकतीतून जन्मली आहे. सन कंपनीच्या आधाराने ‘ओपनऑफिस’ वाढत होते. २०१० च्या आरंभी ओरॅकलने सन विकत घेतली. नव्या मालकाचा रोख न रुचल्याने कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था स्थापून त्याच आज्ञांवरून लिब्रेऑफिस सुरू केले. आज ते मराठीतूनही वापरता येते. नाव कंपनीकडे राहिले आणि काम करणारी माणसे आज्ञांसह दुसरीकडे गेली. अशा वेळी वस्तू कोणाकडे गेली म्हणावयाची, हे वापरणाऱ्यांनी काही वर्षांतच ठरवून टाकले.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. विरजणाची अट दही देणाऱ्याला लागू होते. एखाद्या खानावळीने ते दही कोणालाच न देता त्याची कढी करून पानात वाढली, तर? जेवणाऱ्याला दही मिळालेच नाही, म्हणून विरजण देण्याचेही बंधन नाही. दूरच्या सर्व्हरवर आज्ञावली चालवून ग्राहकाला केवळ सेवा विकणाऱ्या कंपन्यांची स्थिती अशीच आहे. ही पळवाट बुजविण्यासाठी २००७ साली ‘एजीपीएल’ नावाचा परवाना निघाला, परंतु सर्वांनी तो स्वीकारला नाही. परिणामी, आज्ञावली लिहिणाऱ्या मध्यम कंपन्यांना असे वाटू लागले, की श्रम त्यांचे आणि सेवा विकून नफा मात्र बड्या कंपन्यांचा. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक, ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प आणि मार्च २०२४ मध्ये रेडिस यांनी आपल्या आज्ञावलींचे परवाने आवळले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. पण ज्या बाहेरच्या लोकांनी मुक्त परवान्यावर विसंबून फुकट दुरुस्त्या करून दिल्या होत्या, त्यांची बाजू त्याहून बळकट आहे. तिन्ही ठिकाणी जुन्या आज्ञांवरून नवे मुक्त प्रकल्प निघाले. विशेष म्हणजे त्यांतील दोहोंना ॲमेझॉनसारख्या बड्या कंपन्यांनीच हातभार लावला. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलच्या रूपाने मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. येथे मित्र कोण व शत्रू कोण हे ओळखणे कठीण आहे, आणि कायमचे ओळखता येईल अशी अपेक्षाही व्यर्थ आहे.

घेणाऱ्यांची उदासीनता

परवाने आवळण्यापेक्षाही अधिक काळजीची बाब निराळी आहे. संकेतस्थळांवरील गुप्त संवाद सुरक्षित राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत एप्रिल २०१४ मध्ये एक गंभीर दोष उघडकीस आला. जगातील बँका, दुकाने व शासकीय संकेतस्थळे जिच्यावर विसंबून होती, त्या आज्ञावलीकडे पूर्ण वेळ पाहणारा केवळ एक माणूस होता आणि तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या, असे तेव्हा सर्वांना कळले. गावातील प्रत्येक जण ज्या पाणवठ्यावर पाणी भरतो, त्याची डागडुजी एकट्या म्हाताऱ्याने करावी, त्यातला प्रकार. त्यानंतर गूगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, इंटेल, ॲमेझॉन इत्यादींनी लिनक्स फाउंडेशनच्या द्वारे निधी उभारला. घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखे ते होते, तरी विहीर खणली गेली हेही खरे. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्या शासनांकडेही या बाबतीत बोट दाखविता येईल. कंपन्या निदान माणसे तरी देतात.

शाळा व कार्यालये यांना उपयुक्त विचार

भारत शासनाने २०१० साली ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ साली शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरणाने परवाना मिळतो, माणसे मिळत नाहीत. याची जाण केरळने आधीच दाखविली होती. तेथील शालेय संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेताना राज्याने शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली आणि दहावीची संगणकाची परीक्षाही तीवरच घेतली. मल्याळम अक्षरांसाठी झटणारे स्वयंसेवक तेथे या कामाच्या सोबतीला होते. कोणत्याही कंपनीने उद्या धोरण बदलले तरी तेथील शाळा अडून राहावयाच्या नाहीत, कारण दुरुस्ती करणारे हात राज्यात आहेत.

आपल्याकडे एखादी कंपनी अगर संस्था शाळेला संगणक, आज्ञावली किंवा कार्यालयाला संकेतस्थळ मोफत देऊ करते, तेव्हा ‘मोफत’ या शब्दावर चौकशी संपते. ती तेथे सुरू झाली पाहिजे. परवाना कोणता, हे लेखी मागावे. मूळ आज्ञा खुल्या असल्यास त्यांची प्रत कार्यालयाकडे असावी. आज्ञावलीचा हक्क एकाच कंपनीकडे आहे की ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’सारख्या स्वतंत्र संस्थेकडे, हे पाहावे, एकाच कंपनीकडे असेल तर परवाना बदलण्याचा संभव अधिक, हे वरील उदाहरणांवरून दिसते. देणाऱ्याने उद्या हात आखडता घेतला तर आपली माहिती, म्हणजे दाखले, ठराव, निकालपत्रके, दुसऱ्या आज्ञावलीत उघडतील काय, याची एखादी फाईल प्रत्यक्ष उघडून परीक्षा घ्यावी. तालुक्याच्या गावी संगणकाची जाण असलेला शिक्षक अगर माजी विद्यार्थी सहसा असतोच. त्याला या चौकशीत बसवून घेतल्यास पुढील पुष्कळ पत्रव्यवहार वाचेल.

युनिकोडच्या वापराबाबत शासनाचे आदेश असल्याने नवीन मराठी मजकुराचा प्रश्न बराचसा सुटला आहे. जुन्या मजकुराचा सुटलेला नाही. अनेक ग्रामपंचायती, शाळा व कार्यालये यांच्या जुन्या संगणकांत मालकी फाँटमध्ये टंकित केलेली कागदपत्रे अजून पडून आहेत. असा मजकूर युनिकोडमध्ये पालटणारे परिवर्तक स्वयंसेवकांनी तयार केले आहेत व ते विनामूल्य मिळतात. परंतु मूळ फाँट आणि तो चालविणारा जुना संगणक शिल्लक आहे तोवर पडताळणी करणे सोपे जाते. यासाठी अशा संगणकाचे निर्लेखन करण्यापूर्वी त्यातील ठराव, नमुने व याद्या युनिकोडमध्ये उतरवून, छापील प्रतीशी ताडून घ्याव्यात आणि त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीसमोरच करावी.